सेक्रेटरी न होण्याचा खेळ

निवृत्त माणसाने दाराची बेल वाजली की आधी भोकातून बाहेर पाहावं. बाहेर दोन किंवा त्याहून अधिक माणसं हसतमुखाने उभी असतील तर आपण घरी नाही असं समजावं आणि परत जाऊन आडवं व्हावं. हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही. त्या रविवारी मी दार उघडलं.

बाहेर आमच्या सोसायटीचे चेअरमन पायस रिबेलो आणि सेक्रेटरी मयूर चौधरी उभे होते. पायस चौथ्या मजल्यावर राहतात आणि मयूर तर आमच्या समोरच्याच दारात. तरीही तो चपला घालून आणि केस विंचरून आला होता. शेजारी केस विंचरून आला की समजावं, आपलं काहीतरी जाणार आहे.

दोघे बसले. पाणी प्यायले. मग पायस म्हणाले की टिपणीस, तुमचं अक्षर फार सुंदर आहे. मयूर म्हणाला की काका, तुमच्यासारखा कागदपत्रांतला माणूस आता मिळत नाही. मी चौतीस वर्षं ठाण्यात एका सरकारी कचेरीच्या नक्कल विभागात काढली. कोणी जुन्या नकाशासाठी अर्ज केला की मूळ नकाशा समोर ठेवून त्याची हुबेहूब प्रत काढायची, मग साहेब खाली ‘खरी नक्कल’ म्हणून सही करणार, एवढंच माझं काम. हुबेहूब म्हणजे हुबेहूब. मूळ नकाशावर कधीकाळी एक झुरळ चिरडलं गेलं होतं, तर मी त्याचीही बाह्यरेषा काढून दिली. (त्या शेतकऱ्याने ती विहीर समजून पुढे सात वर्षं भावाशी दावा चालवला. पण त्यात माझी चूक नव्हती. झुरळ मुळात होतं.) अशा माणसाची चौतीस वर्षांत कोणी स्तुती केली नव्हती आणि आज एका बैठकीत दोघांनी केली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

ते असं होतं. मयूर घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये एकतिसाव्या मजल्यावर राहायला चालला होता. सेक्रेटरीची जागा रिकामी होत होती. वार्षिक सभा सात आठवड्यांवर आली होती. आणि मला, त्या दोघांच्या मते, वेळच वेळ होता.

आमची सोसायटी कल्याण पश्चिमेला, शहाडच्या अंगाला. तळ धरून पाच मजले, दहा बिऱ्हाडं. उल्हास नदी इतकी जवळ की वाऱ्याबरोबर तिचे डास येतात. पाणी मात्र येत नाही, म्हणजे पुरेसं येत नाही. सेक्रेटरीचा फोन सकाळी सहाला सुरू होतो आणि पाणी, गळती, कबुतरं, पार्किंग या क्रमाने फिरून पुन्हा पाण्यावर येतो. मयूर अडतिसाव्या वर्षी पांढरा झाला होता. मी अडुसष्टाव्या वर्षी अजून करडा आहे आणि तसाच राहायची माझी इच्छा होती.

म्हणून मी म्हणालो, “मला जमणार नाही. मी एक काम हाती घेतलंय.”

स्वयंपाकघरात भांडी लावण्याचा आवाज थांबला.

“कसलं काम?” पायसनी विचारलं.

कसलं ते मलाही माहीत नव्हतं. माझी नजर टीपॉयवरच्या माझ्या मोबाइलवर गेली. तिथे रंगीत फुगे फोडायचा गेम मी अर्धा सोडून उठलो होतो. (मी तो खेळतो हे घरात कोणालाही माहीत नाही, असं मी समजत होतो.)

“मोबाइलवरचा गेम,” मी म्हणालो.

“खेळताय?”

“बनवतोय.”

पायस एका कारखान्यात फिटर होते. सरळ माणूस. थट्टा करत नाही आणि कोणी केलेली ओळखतही नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “चांगलं आहे. मग असं करू. सभेच्या दिवशी गेम दाखवा. तयार असेल तर तुम्ही सुटलात. नसेल तर रजिस्टर घेऊन घरी जा.” आणि हात पुढे केला. मी तो धरला. फिटरचा हात होता. बोटं सरळ व्हायला संध्याकाळ झाली.

ते गेल्यावर बायको बाहेर आली. ती डोंबिवलीच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होती. आमच्या बिल्डिंगमधले चाळिशीच्या आतले निम्मे लोक तिच्या वर्गाबाहेर ओणवे उभे राहिलेले आहेत, मयूर धरून. बिल्डिंग तिला बाई म्हणते.

“अहो, तुम्हाला फोनवर अलार्म लावता येत नाही,” ती म्हणाली.

“शिकता येतं.”

“कोणाला?” असं विचारून ती पुन्हा भांड्यांकडे गेली.

योगायोगाने त्याच आठवड्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ऋतिका नावाच्या मुलीचं ‘निवृत्तीनंतरची उद्दिष्टं’ या विषयावर व्याख्यान झालं. ती म्हणाली की मनातली इच्छा म्हणजे उद्दिष्ट नव्हे. उद्दिष्ट कागदावर लिहावं लागतं. ते छोटं असावं, मोजता यावं आणि त्याला तारीख असावी. श्रोत्यांपैकी निम्मे झोपले होते आणि उरलेले चहाची वाट पाहत होते. टिपणं काढणारा मी एकटा. कागदावर लिहिलं की काम होतं, हे ऐकून चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येणारच.

मी दोनशे पानी वही आणली. समास आखला. लिहिलं:

उद्दिष्ट क्र. १: मोबाइल गेम सभेच्या तारखेपूर्वी पूर्ण करणे. क्र. २: त्यासाठी रोज सकाळी दोन तास बैठक मारणे. क्र. ३: किमान दहा माणसांनी गेम खेळणे (घरचे वगळून). क्र. ४: खर्च शून्य ठेवणे. क्र. ५: चिडचिड न करणे.

पहिला आठवडा यात गेला. मला फार बरं वाटत होतं. दुसऱ्या आठवड्यात मी भाच्याचा जुना लॅपटॉप आणला, फुकटचं सॉफ्टवेअर मिळवलं आणि यूट्यूबवर धडे पाहायला लागलो. शिकवणारा तरुण इतक्या भराभर बोलायचा की मी वही उघडून पेनाचं टोपण काढेपर्यंत त्याचा गेम तयार होऊन लोक तो खेळायला लागलेले असायचे. दोन तासांची बैठक मला झेपेना. दहा मिनिटं बसलो की उठायचो, गॅलरीत जायचो, तुळशीचं एक पान तोडायचो, परत यायचो. आमच्या गॅलरीपासून गॅसपर्यंत एकोणीस पावलं आहेत. एका सकाळी मी ती एकशे बारा वेळा चाललो. तुळस बोडकी झाली. मग मी वहीत पहिलं शुद्धिपत्रक काढलं: ‘उद्दिष्ट क्र. २ मध्ये “दोन तास” याऐवजी “शक्य तितका वेळ” असे वाचावे.’ चार दिवसांनी दुसरं: ‘“बैठक मारणे” याऐवजी “विचार करणे” असे वाचावे.’ क्रमांक पाच मी न सांगताच वगळला.

मुख्य अडचण वेगळीच होती. गेम कशाचा, हेच ठरत नव्हतं. मला कल्पना सुचत नाहीत. नक्कल विभागात कल्पना सुचलेल्या माणसाची चौकशी लागते. मी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की मग नका सुचवू, समोर दिसेल त्याची नक्कल करा, तेवढंच येतं तुम्हाला. तेवढ्यात खालून गोदूबाई ओरडली, “पाणी आलंऽऽ.”

गोदूबाई आमच्या सोसायटीचा जिना झाडते आणि पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवते. वीस वर्षं फिरवते आहे. गच्चीवरच्या टाकीतून एक मोठा पाइप खाली येतो, त्याला प्रत्येक घराकडे फाटे आहेत, आणि प्रत्येक मजल्याला एकेक व्हॉल्व्ह. गोदूबाईने ठरावीक वेळात पाची व्हॉल्व्ह खाली-वर फिरवून दहा घरांची पिंपं भरायची. ज्याचं भरत नाही तो खिडकीतून डोकं काढून ओरडतो. मी तिच्याकडे पाहत राहिलो. हा तर तयार गेम होता. फक्त तो मोबाइलमध्ये ठेवायचं राहिलं होतं.

बायकोला कल्पना आवडली. (तिने “बरं” म्हटलं. बत्तीस वर्षांच्या संसारात मी “बरं” सहा-सात वेळा ऐकलं आहे.) दुसऱ्याच दिवसापासून मी स्टूल, टेप आणि तिच्या शाळेतले उरलेले आलेख कागद घेऊन बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत उतरलो. सगळे पाइप मागच्या भिंतीवर आहेत. प्रत्येक फाट्याची लांबी मोजली, जाडी मोजली, वळणं मोजली. टेपचं दुसरं टोक गोदूबाईने धरलं. उजवीकडच्या एका पाइपवर कावळ्याचं घरटं होतं तेही नकाशात काढलं, अंड्यांसकट.

तिथेच काळुराम म्हात्रे खुर्ची टाकून बसलेले असतात. वय ऐंशी. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ते त्यांचं भाताचं शेत होतं. बिल्डिंग झाली तेव्हा तळमजल्याची दोन्ही घरं त्यांनी ठेवली, अजूनही स्वतःच्या बांधावर बसल्यासारखे बसतात. दोन सकाळी त्यांनी माझं मोजमाप निमूट पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, “टिपनीस, पायपा कशाला मोजताव?”

मी म्हणालो, गेम बनवतोय. पाणी सोडायचा. मोबाइलवर.

“आन पानी?”

पाणी खोटं, मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. रिपोर्ट वाचून झाल्यावर डॉक्टर हलवतात तशी.

तीन दिवसांत नकाशा तयार झाला. इतका सुबक की मी सवयीने खाली ‘खरी नक्कल’ लिहिलं. आता तो लॅपटॉपमध्ये घालायचा होता. पिंप भरलं नसेल तर पाणी जावं, भरलं असेल तर थांबावं, एवढं यंत्राला समजावून सांगायचं. मी ते दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी यंत्राने पिंपातलं पाणी वर टाकीत चढवायला सुरुवात केली. बायको मागे उभी राहून पाहत होती. मी तीस वर्षं तिच्या विद्यार्थ्यांबद्दल ऐकत आलो होतो, त्या दिवशी मला ते सगळे एकदम कळले. ती एकच शब्द बोलली, “सरका.”

मी सरकलो. गेमचं खरं काम तिथून सुरू झालं.

तिने तो यूट्यूबवरचा तरुण एकदाच पाहिला आणि दोन ठिकाणी चूक काढली. सकाळी नऊ ते अकरा ती लॅपटॉपवर बसायची. मी शेजारी वही घेऊन उद्दिष्टांचा आढावा घ्यायचो. ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा मी वहीत लिहिलेला तिने वाचला तेव्हा तिने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि पोळ्या मला लाटायला लावल्या. सभेला दोन आठवडे उरले तेव्हा खिडक्या उघडत होत्या, डोकी बाहेर येत होती, व्हॉल्व्ह फिरत होते. ओरडण्याचे आवाज रेकॉर्ड करायलाही खर्च आला नाही. सकाळी सहाला फोन खिडकीत ठेवला की झालं.

आणि मग गेम अडला.

पाची व्हॉल्व्ह कसेही फिरवले तरी चौथ्या मजल्याची पिंपं भरेनात. दुसऱ्या मजल्यावरचं उजवीकडचं घर मात्र पहिल्या वीस सेकंदांत भरून वाहायला लागायचं. गोदूबाईला खेळायला दिलं. तिने बाकीचे मजले चाळीस सेकंदांत भरून दाखवले आणि चौथ्यावर येऊन म्हणाली, इथे नाही भरत, खरंच नाही भरत ना. बायको तीन दिवस आपलं गणित तपासत राहिली. चौथ्या दिवशी तिने लॅपटॉप मिटला.

“गणित बरोबर आहे. तुमचा नकाशा चुकलाय.”

हे तिने म्हणायला नको होतं. माणसाने बायकोकडून भाजीवरून ऐकावं, भावंडांवरून ऐकावं, पण नकलेवरून नाही. मी तसाच टेप घेऊन खाली उतरलो आणि पुन्हा मोजलं. नकाशा बरोबर होता. बाकी सगळ्या घरांचे फाटे बोटाएवढे आणि दुसऱ्या मजल्यावर उजवीकडचा तेवढा मनगटाएवढा, तोही व्हॉल्व्हच्या आधीच फुटलेला. चौथ्या मजल्याचं पाणी खाली उतरताच तो पिऊन टाकत होता. म्हणजे गेम बिघडलेला नव्हता, बिल्डिंग बिघडलेली होती.

फाटकातून आत आलं की दुसऱ्या मजल्यावर डावीकडे आम्ही आणि उजवीकडे मयूर.

मी तिथेच स्टुलावर बसलो. सेक्रेटरी मयूर. आठ वर्षं पायस रिबेलोंना रोज सकाळी “अंकल, वरूनच प्रेशर नाय” असं सांगणारा मयूर. मला कसंतरीच झालं. खरं सांगायचं तर छान झालं. निवृत्तीनंतर इतकं छान मला वाटलं नव्हतं.

बायकोने मला बजावलं की सभेत कोणाचंही नाव घ्यायचं नाही. गेम दाखवायचा, सुटायचं, घरी यायचं. मी कबूल केलं. पण कबूल करणं वेगळं आणि पोटात ठेवणं वेगळं. माझी दुपारची झोप गेली. जेवताना घास हातात राहायचा. मयूर जिन्यात भेटला की मी त्याच्याकडे इतक्या खोल नजरेने पाहायचो की त्याने एकदा विचारलं, “काका, बरं वाटत नाय का?” आमच्याकडे पाण्याची कधी ओरड नसते, मी ते श्रेय आमच्या शिस्तीला देत आलो होतो आणि आता तर मला त्या शिस्तीचा गहिवरच आला. शिस्तीने राहणारे आम्ही, आणि शेजारी हा. वहीत तिसरं शुद्धिपत्रक निघालं: ‘उद्दिष्ट क्र. ३ रद्द. त्याऐवजी: अन्यायाला वाचा फोडणे.’ गॅलरीत येरझारा घालत मी एक भाषण पाठ केलं. त्यात एकाही माणसाचं नाव नव्हतं. मजला होता.

गणपती आटोपल्यावरच्या रविवारी सभा भरली, नेहमीप्रमाणे काळुराम म्हात्र्यांच्या हॉलमध्ये, कारण तो सगळ्यात मोठा आहे आणि त्यांच्या पत्नी आवडाबाई चहाबरोबर भजी करतात. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं. हिशेब मंजूर झाले. मग पायसनी माझ्याकडे पाहिलं. टेबलावर सेक्रेटरीचं रजिस्टर ठेवलेलं होतं, हिरव्या कापडी बांधणीचं, वासरासारखं जाड.

बायकोने लॅपटॉप त्यांच्या भल्यामोठ्या टीव्हीला जोडला. पडद्यावर आमची बिल्डिंग उमटली. खिडक्या उघडल्या, डोकी बाहेर आली, ओळखीचे आवाज घुमले. लोक हसायला लागले. पायस खुर्ची पुढे ओढून स्वतः खेळायला बसले. फिटरच तो. पाइप दिसला की त्याचा हात राहत नाही. त्यांनी पहिला मजला भरला, तिसरा भरला आणि चौथ्याकडे वळले. पिंपं कोरडीच. त्यांनी दुसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह आवळला. तरी कोरडी. वरच्या खिडकीतून त्यांचाच आवाज त्यांच्यावर ओरडत होता. आणि दुसऱ्या मजल्यावर उजवीकडे पाणी पिंपावरून, खिडकीवरून, भिंतीवरून वाहत होतं.

पायस थांबले. “हे खरं आहे की तुम्ही बनवलंय?”

“एकेक इंच मोजून घेतलंय,” मी म्हणालो.

“मग हे कोणाचं घर आहे?”

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मग मयूरकडे पाहिलं. मयूर उभा राहिला. वर्गात नाव घेतल्यावर राहतात तसा. “बाई, शप्पथ, माझ्याकडे करंगळीएवढं पाणी येतं,” तो म्हणाला. माझ्याकडे नाही, बायकोकडे पाहून म्हणाला. बायको चष्मा पुसत होती. मी मात्र उठलो होतो.

मी बोललो. कोणाचं नाव घेतलं नाही. पण पाणी हे सर्वांचं आहे, शेजाऱ्याच्या घशाला कोरड पडलेली असताना ज्याचं पिंप वाहतं त्याला रात्री झोप कशी लागते, असं विचारलं. अशा माणसाने आरशात स्वतःचं तोंड पाहावं, असंही म्हणालो. पाच मिनिटं बोललो असेन. भजी गार झाली. पायसचे डोळे ओले झाले होते. मयूर रडायच्या बेताला आला होता.

तेव्हा काळुरामशेठ काठी टेकत उठले. हळूहळू टीव्हीपाशी गेले. पडद्यावरच्या कावळ्याच्या घरट्यावर त्यांनी काठीचं टोक टेकवलं.

“हा घरटा मागचे गल्लीत हाय,” ते म्हणाले. “ही बिल्डिंग मागून काढलेली हाय.”

कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. एकदम नाही, पायांपासून वर चढत कळलं. पाइप मागच्या भिंतीवर. मी मागे उभा राहून, समोर दिसलं ते हुबेहूब काढलं होतं. पुढून जे डावीकडे ते मागून उजवीकडे.

“मागून उजवा म्हंजे टिपनीसचा,” काळुरामशेठ शांतपणे म्हणाले. “तो पायप मीच टाकलेला. ते घर पोरीसाठी ठेवलेला. सासरी पान्याचे हाल, निदान बापाकडे नको म्हनून मनगटाएवढा जारा पायप टाकला. मंग पोर गेली पनवेलला, घर तुमाला इकला. पायप राहिला.”

आवडाबाई आतून म्हणाल्या, “मी तवाच बोललेली, बदला म्हनून.”

टीव्हीवर माझं पिंप वाहत होतं. त्याचा आवाज बायकोने फार चांगला भरला होता, अगदी खरा वाटत होता. बावीस वर्षं मी पायस रिबेलोंना जिन्यात थांबवून पाणी जपून वापरण्याबद्दल सल्ले देत आलो होतो. एकदा छापील कात्रणही दिलं होतं.

मी बसलो. बसण्यापूर्वी खुर्ची आहे का ते पाहिलं नाही. होती.

शेवटी पायस बोलले. सरळ माणूस असा वाईट असतो. रागावला असता तर बरं झालं असतं. “शब्द म्हणजे शब्द,” ते म्हणाले. “गेम तयार आहे. टिपणीस सुटले.” आणि थोड्या वेळाने म्हणाले, “तसंही आता त्यांना कोण करणार?”

मी सुटलो होतो. सात आठवड्यांची धडपड फळाला आली होती. हे लक्षात येऊन मी भज्याकडे हात नेला, तेवढ्यात मयूर पुन्हा उभा राहिला.

“बाईंना करा ना सेक्रेटरी,” तो म्हणाला. “गेम बाईंनी बनवलाय. बिल्डिंगचे सगळे पाइप आता त्यांनाच माहितीयत. आणि त्यांना फोन करायची कोणाची हिंमत पण नाय होणार.”

शेवटचा मुद्दा सगळ्यांना पटला. माझी बायको उठली, पदर सावरला आणि म्हणाली की चालेल, पण एका अटीवर. लिहिण्याचं काम ती करणार नाही. पत्रं, नोटिसा, इतिवृत्तं, जावक-आवक, यासाठी तिला एक कारकून लागेल आणि तो ती निवडणार. दहापैकी नऊ हात वर झाले. दहावा माझा. तो बायकोने धरून वर केला.

आम्ही जिना चढू लागलो. पहिल्या मजल्यावर तिनेच विषय काढला. म्हणाली, “मला गुरुवारीच कळलं होतं. कपडे वाळत घालायला मागच्या खिडकीत गेले तर घरटं आपल्याच बाजूला.”

“मग बोलली का नाहीस?”

“सांगायला आले होते. तुम्ही गॅलरीत आरशाचं वाक्य म्हणत होतात. हातवारे करून. मला थांबवावंसं वाटेना.”

पुढच्याच सोमवारी प्लंबर आला. सेक्रेटरींच्या लेखी आदेशाने (मजकूर त्यांचा, अक्षर माझं) दुसऱ्या मजल्यावरचा मनगटाएवढा पाइप काढून व्हॉल्व्हच्या पुढे बोटाएवढा घातला गेला. चौथ्या मजल्यावर इतकं पाणी चढलं की पायसनी त्या सकाळी दोनदा अंघोळ केली आणि तसं मला खाली येऊन सांगितलं. गेम आता बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या फोनवर आहे. त्यात चौथा मजला भरतो. गोदूबाईचा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

आमच्या नळाला मात्र आता सुतळीएवढी धार येते. सकाळी एक बादली भरायला मी तिच्यात तोंड घालून बसल्यासारखा बसतो. परवा दाढीला साबण लावल्यावर धार गेली. तसाच फेस घेऊन मी बाहेरच्या खोलीत सेक्रेटरींकडे तक्रार नेली. त्या रजिस्टर पाहत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “लेखी द्या.”

मी लेखी दिलं. विषय, संदर्भ, तारीख, दोन प्रतींत. चार दिवसांनी अर्ज परत आला. समासात लाल शाईत शेरा होता: ‘पाहिले. तक्रार सर्वांचीच आहे. अर्जदाराने दुपारी गिरणीतून दळण आणावे.’

दळण गव्हाचं की ज्वारीचं, याचा शेऱ्यात उल्लेख नाही. खुलासा मागवणारं पत्र मी उद्या आवकला टाकणार आहे. आवक नोंदवणारा कारकून तेवढा आज डबा घेऊन गिरणीत उभा आहे.